साडेत्रेसष्ट अंशांचं आकाश

ऑक्टोबरातली दुपार होती. दादरच्या हिंदू कॉलनीतल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एजंटने कुलूप काढलं, सागवानी दाराची दोन्ही झडपं ढकलली आणि सवयीने दिव्याच्या बटणाकडे हात नेला. दिवा लावायची गरजच पडली नाही. समोरच्या खोलीत लाद्यांवर ऊन पसरलं होतं, मागच्या खोलीत भिंतीचा रंग स्पष्ट दिसत होता आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावरही उजेड होता.

घर पाहायला आलेल्या बाई थेट त्या ओट्यापाशी गेल्या. ठाण्याला चौदाव्या मजल्यावर त्यांची बावीस वर्षं गेली होती. तिथल्या स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडायची, त्यामुळे सकाळी चहा टाकण्याआधी ट्यूब लावावी लागायची. “अहो, इथे भर दुपारी दिवा नको,” त्यांनी नवऱ्याला हाक मारून सांगितलं. एजंट म्हणाला, “जुनं बांधकाम आहे ना, मॅडम.”

जुन्या घरांच्या बाबतीत हे उत्तर नेहमीच मिळतं. भिंत जाड का, तर जुनं बांधकाम. छत उंच का, तर जुनं बांधकाम. पण जुनी म्हणून सगळी घरं उजेडाची नसतात. गिरगाव-भुलेश्वरच्या कित्येक चाळी या इमारतीपेक्षा जुन्या आहेत आणि त्यांच्या मधल्या खोल्यांत भर दुपारी अंधार असतो. हिंदू कॉलनीतल्या उजेडाला एक नेमकं कारण आहे आणि त्याची सुरुवात एका साथीने झाली.

१८९६च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लोक लाखांनी मुंबई सोडून निघाले, बंदर आणि गिरण्या हादरल्या. साथ दाटीच्या, कोंदट वस्तीत फोफावली हे सगळ्यांना दिसत होतं, म्हणून १८९८ साली कायदा करून ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ नेमला गेला. दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढून समुद्राचा वारा शहराच्या पोटात आणायचा हे ट्रस्टचं एक काम होतं. दुसरं काम होतं उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांतल्या शेतं, वाड्या आणि खाजणांच्या जागी आखीव वस्ती उभारण्याचं. गल्ल्यांची रुंदी, भूखंडांची मापं, प्लॉटचा किती भाग इमारतीने व्यापायचा, किती मजले चढवायचे, हे सगळं आधी कागदावर ठरलं. घरं नंतर आली.

ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांना खोलीतल्या उजेडाचा ध्यासच होता. त्यांनी एक नियम धरून ठेवला. तळमजल्याच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत एक रेषा ओढायची. तिने जमिनीशी केलेला कोन ६३.५ अंशांहून जास्त असता कामा नये. आकडा अवघड वाटतो, पण हिशेब सोपा आहे: समोरची इमारत जेवढी उंच, तिच्या निदान निम्म्याएवढी जागा मध्ये मोकळी हवी. समोर चाळीस फुटांची भिंत असेल तर मध्ये वीस फूट मोकळे. म्हणजे तळमजल्यावरच्या माणसालाही खिडकीतून आकाशाचा एक तुकडा दिसलाच पाहिजे.

उजेड आणि वारा आला की प्लेग हटेल, असं तेव्हा मानलं जात होतं. प्लेग पसरतो तो उंदरांवरच्या पिसवांमुळे, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत दाखवून दिलं. ते मान्य व्हायला पुढे काही वर्षं लागली. रोगाचं कारण अर्धवट कळलेलं असताना केलेल्या त्या नियमाने शहराला मात्र अशी घरं दिली, ज्यांच्या स्वयंपाकघरात नव्वद वर्षांनंतरही ऊन येतं.

या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ट्रस्टने ज्यांच्या चाळी आणि झोपड्या पाडल्या, ते लोक या नव्या कॉलन्यांत राहायला आले नाहीत. इथलं भाडं त्यांना परवडणारं नव्हतं. इथे आले कारकून, शिक्षक, वकील, प्राध्यापक: दादरला मराठी, माटुंग्याला तमिळ आणि गुजराती, फाइव्ह गार्डन्सजवळ पारशी. त्यांच्यासाठी घराचा एक नवा साचा तयार झाला, त्याला मुंबईच्या मराठीत शब्द आहे ‘ब्लॉक’. चाळीतली खोली नव्हे, ब्लॉक. दोन-तीन खोल्या, स्वतंत्र स्वयंपाकघर आणि मुख्य म्हणजे संडास-बाथरूम दाराच्या आत. ज्या समाजात संडास घरापासून लांब ठेवण्याची रीत होती, तिथे हा बदल लहान नव्हता. इतिहासकार निखिल राव यांनी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हाऊस, बट नो गार्डन’ या पुस्तकात मुंबईच्या उपनगरी ब्लॉकची ही सगळी घडण मांडली आहे. आज आपण ज्याला फ्लॅट म्हणतो, त्याची मुंबईतली पाळंमुळं बऱ्याच अंशी या दादर-माटुंग्याच्या गल्ल्यांत आहेत.

बाईंच्या यजमानांचं लक्ष तोवर लाद्यांकडे गेलं होतं. लाल-करड्या सिमेंटच्या लाद्या, कडेला वेलबुट्टीची पट्टी. अशा लाद्या मुंबईत बनत. १९२२ साली सुरू झालेल्या ‘भारत टाइल्स’चं नाव जुन्या मुंबईकरांना ठाऊक असतं. ही लादी भट्टीत भाजत नाहीत. साच्यात रंगीत सिमेंटचा थर ओततात, त्यावर सुकं मिश्रण भरतात आणि दाबयंत्राखाली जबर दाब देतात. रंगाचा थर चांगला जाड असल्यामुळे लादी झिजली तरी नक्षी जात नाही, आणि रोजच्या ओल्या फडक्याने ती उलट चकाकत जाते. झोपाळ्याच्या कड्यांखाली, जिथे पायांनी रेटा दिला जायचा, तिथे दोन लाद्या इतरांपेक्षा किंचित खोलगट झाल्या होत्या. वर तुळईला कड्या अजून होत्या.

घर पाहून झालं, तसं बाई म्हणाल्या, “आता जरा खाली चालून येऊ.”

जुन्या वस्तीतलं घर पाहताना हा भाग बहुतेक लोक गाळतात, आणि तिथेच घराची निम्मी किंमत असते. फाटकातून बाहेर पडल्यावर गल्लीच्या तोंडाशी वाणी, त्याच्या शेजारी मेडिकल, पुढे पिठाची गिरणी, इस्त्रीवाला, चपला शिवणारा. मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वेमार्गांवरचं दादर स्टेशन पायी पोचण्याजोगं. माटुंग्याच्या अंगाला १९३७चं रुईया कॉलेज, १९४१चं पोदार, त्यापलीकडे १९२३पासून तिथे असलेलं व्हीजेटीआय. किंग्ज सर्कलजवळ १९४०पासून डोसे घालणारं कॅफे मद्रास. रूळ ओलांडून पश्चिमेला गेलं की फुलबाजार, रानडे रोड, १९६५ साली उघडलेलं शिवाजी मंदिर नाट्यगृह; आणि आणखी थोडं चाललं की शिवाजी पार्कचा कट्टा. १९२५ साली माहीम पार्क म्हणून खुल्या झालेल्या या मैदानाला १९२७ साली, अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने, शिवाजी पार्क हे नाव मिळालं. त्याच्या भोवतीचा सव्वा किलोमीटरच्या आतबाहेरचा कट्टा ही मुंबईकरांची एक लांबलचक बसायची जागा आहे. संध्याकाळी तिथे तीन पिढ्या शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात.

हे सगळं पायाच्या टप्प्यात आहे, कारण वस्ती आखली गेली तेव्हा बहुतेकांकडे मोटार नव्हती. माणसं ट्रामने येणार, रेल्वेने जाणार आणि बाकी चालणार असं गृहीत धरून गल्ल्या पडल्या. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला धावली, पण तिच्या शेवटच्या थांब्याचं नाव अजून चालतं. ‘दादर टीटी’तलं टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. चालण्यासाठी आखलेल्या गल्लीचा त्रासही तिथूनच येतो. इमारतींना गॅरेज नाहीत. आज घरटी एक गाडी आली आणि दोन्ही बाजूंनी उभ्या राहिलेल्या गाड्यांनी फुटपाथ अडवले. चालता येतं म्हणून इथे घर घेणाऱ्याने आपली गाडी कुठे उभी राहणार, याचं उत्तर आधी द्यायला हवं. ते नसेल, तर ज्या सुखासाठी तो इथे आला तेच सुख तो शेजाऱ्याचं काढून घेतो.

फाइव्ह गार्डन्सकडे वळलं की पारशी कॉलनी लागते. मंचरजी एदलजी जोशी यांनी ट्रस्टकडे पाठपुरावा करून मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ भूखंड राखून घेतले आणि ही वस्ती वसवली. त्यांनी रस्त्यांवर झाडं लावली ती प्रत्येक रस्त्यावर वेगळ्या जातीची: फिरदौसी रोडवर महोगनी, जाम-ए-जमशेद रोडवर अशोक. एखादा रोग आला तर सगळी कॉलनी एकाच वेळी बोडकी होऊ नये, हा त्यामागचा विचार. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मुंबईतले शेकडो वर्षावृक्ष पिठ्या ढेकणाने वाळून गेले, तेव्हा त्या दूरदृष्टीचा अर्थ शहराला नव्याने कळला.

हिंदू कॉलनीतच ‘राजगृह’ आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला हे घर बांधलं, ते मुख्यतः आपल्या पुस्तकांसाठी. परळच्या चाळीतल्या खोल्यांत ग्रंथ मावेनासे झाले होते. आपलं घर कशासाठी आहे, हे ज्या माणसाला नेमकं ठाऊक असतं, त्याच्या घराला कसं वळण येतं ते पाहायचं असेल तर राजगृहासमोर पाच मिनिटं उभं राहावं. आजही लोक गल्लीतून जाताना तिथे थांबतात, हात जोडतात.

आठवडाभराने ते जोडपं पुन्हा आलं, या वेळी सोबत स्ट्रक्चरल इंजिनिअर होता. सोसायटीने परवानगी दिली होती आणि मुळात तिलाच ऑडिट करून घ्यायचं होतं. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण मुंबईत कायद्याने बंधनकारक आहे. गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींनुसार अशा इमारतीची तपासणी दर तीन वर्षांनी व्हायला हवी.

इंजिनिअर गच्चीवर गेला नाही. तो आधी मागच्या बाजूला, दोन इमारतींमधल्या घरगल्लीत गेला. “इमारतीचं दुखणं पाठीमागून कळतं,” तो म्हणाला. तिथे सांडपाण्याचे बिडाचे जुने पाइप भिंतीला धरून वर गेले होते. एका सांध्याखाली भिंत हिरवी काळी पडली होती आणि त्या ओलीत पिंपळाचं वीतभर रोपटं उगवलं होतं. त्याने ते उपटलं नाही, फोटो काढला. नुसतं उपटून मूळ जात नाही. मूळ भेगेत शिरलेलं असतं आणि आधी पाइपाची गळती थांबवावी लागते.

मग तळमजल्यावरच्या एका खांबाचं प्लास्टर हातभर खरवडून त्याने काँक्रीट उघडं केलं, छिन्नीने टवका काढला, धूळ फुंकली आणि बाटलीतून एक रंगहीन द्रव फवारला. फेनॉल्फ्थॅलीन. चांगल्या काँक्रीटमध्ये क्षार भरपूर असतात. ते आतल्या सळईला गंजापासून जपतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत गेला की ते क्षार संपतात आणि सळई उघडी पडल्यासारखी होते. द्रव पडला तिथे काँक्रीट गुलाबी झालं तर जीव आहे, रंग बदललाच नाही तर तेवढा थर गेला.

सगळे वाकून पाहत होते. बाहेरचा बोटभर थर करडाच राहिला. आणि त्याच्या आत, हळूहळू, गडद गुलाबी रंग उमटला. इंजिनिअरने पट्टी लावून करड्या थराची जाडी मोजली, वहीत लिहिली आणि पुढच्या खांबाकडे गेला. त्या दिवशी त्याने नऊ ठिकाणी टवके काढले. सात ठिकाणी आतला भाग गुलाबी झाला. संडासाच्या ओळीतल्या दोन खांबांत मात्र रंग आला नाही आणि तिथली सळई खरवडल्यावर तांबूस पापुद्रे निघाले.

महापालिकेच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची इमारत. सी-२ए आणि सी-२बी म्हणजे मोठ्या दुरुस्तीने वाचणाऱ्या, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीच्या. ही इमारत मोठ्या दुरुस्तीत बसली. ती दुरुस्ती रहिवाशांना बाहेर न काढता होणार होती. घर घेणाऱ्याला घरातल्या रंगापेक्षा हा अहवाल महत्त्वाचा. त्या दोन खांबांचा खर्च घराच्या किमतीत धरायचा असतो, मग ते दोन खांब त्याच्या ब्लॉकखाली असोत वा नसोत.

कागदांचंही तसंच. ट्रस्टने बहुतेक भूखंड विकले नाहीत, भाडेपट्ट्याने दिले. काही ९९९ वर्षांसाठी, काही ९९ वर्षांसाठी. १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि जमिनीची मालकी तिकडे गेली. १९२०च्या दशकात दिलेला ९९ वर्षांचा पट्टा आता संपत आलाय किंवा संपलाय, म्हणून प्रॉपर्टी कार्डावर आणि पट्ट्याच्या कागदावर तारीख काय आहे, हा पहिला प्रश्न. दुसरा: ब्लॉक ओनरशिपचा आहे की पागडीचा. १९४७च्या भाडे कायद्याने १९४०च्या पातळीला भाडी गोठवली आणि पुढची पन्नास वर्षं कित्येक घरमालकांना दुरुस्तीपुरतंही भाडं मिळालं नाही. भाडेकरू जायचा तेव्हा नव्याकडून रोख पागडी घेतली जायची. १९९९च्या कायद्याने, जो ३१ मार्च २०००पासून लागू आहे, ती रीतसर केली आणि भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ दिली. पागडीचं घर घेणाऱ्याला भाडेकरूचा हक्क मिळतो, मालकी नाही; मालकाची संमती आणि त्याचा वाटा द्यावा लागतो, आणि बँक सहसा कर्ज देत नाही. हे समजून घेतलं तर त्यात वावगं काही नाही. न समजून घेतलं तर पुनर्विकासाच्या वेळी भांडण ठरलेलं.

सोसायटी असेल तर कन्व्हेयन्स झालाय का, म्हणजे मिळकत सोसायटीच्या नावावर झालीय का, हे पाहावं. आणि तिचा सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी किती शिल्लक आहे, हे आवर्जून विचारावं. बांधकाम खर्चाच्या पाव टक्का सिंकिंग फंडात आणि पाऊण टक्का दुरुस्तीसाठी दरवर्षी घ्यावा, असं उपविधी सांगतात. वर्षानुवर्षं मेंटेनन्स कमी ठेवल्याचा अभिमान सांगणाऱ्या सोसायटीच्या खांबात सहसा गुलाबी रंग येत नाही.

आता मुख्य प्रश्न. अशी घरं ठेवायची की पाडून टॉवर उभारायचे? चर्चगेटच्या ओव्हल मैदानाभोवतीच्या आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. दादर-माटुंग्यात त्याच काळातले गोल सज्जे, जिन्यातल्या उभ्या काचा, लोखंडी जाळ्यांतले उगवते सूर्य आहेत, पण त्यांना ते छत्र नाही. इथे निर्णय होतो तो सोसायटीच्या सभेत, हात वर करून. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, गुडघे गेलेल्या आजींना लिफ्ट हवी आहे. त्यांना वारशाबद्दल ऐकवणं क्रूरपणाचं आहे. जी इमारत सी-१ आहे तिच्यात कोणी एक रात्रही काढू नये. पण जी दुरुस्तीने आणखी तीस वर्षं उभी राहील आणि जिच्या जिन्याच्या बाजूला लिफ्ट बसवता येईल, ती केवळ जास्त चौरस फुटांसाठी पाडताना एक हिशेब मांडायला हवा. पुनर्विकासात मोकळ्या जागेच्या नियमांना सवलती मिळतात. वीस मजली इमारत उठते, तिच्या पायाशी पार्किंगचे मजले येतात, वाण्याच्या जागी गाड्यांच्या उतारांचं तोंड येतं, आणि समोरच्या इमारतीतल्या तळमजल्याच्या खिडकीतून आकाश जातं. वाढीव चौरस फूट एका सोसायटीला मिळतात आणि उजेड शेजारच्या चार सोसायट्यांचा जातो. शेजाऱ्याच्या खिडकीचा विचार १९१०च्या दशकात परक्या राज्याचा अधिकारी करू शकला, तर २१व्या शतकातल्या आपल्या महापालिकेने तो करायलाच हवा.

जुनं घर घेताना माणूस चार भिंती घेतो, तशी ही मधली मोकळी जागाही घेतो. ती त्याच्या नावावर कधीच होत नाही. ती राहते ती समोरच्याने सोडली म्हणून, आणि समोरच्याला उजेड मिळतो तो याने सोडली म्हणून. बाल्कनी काचा लावून आत घेणं, घरगल्लीवर पत्रा टाकणं, फुटपाथवर कुंड्या मांडून पार्किंगची जागा अडवणं, यातल्या प्रत्येक गोष्टीने तो करार थोडा थोडा मोडतो.

त्या जोडप्याने पहिल्या भेटीत टोकन दिलं नाही. इंजिनिअरचा अहवाल आणि वकिलाने काढलेला पट्टा हाती आल्यावर दिलं. किमतीतून दोन खांबांचा आणि बिडाच्या पाइपांचा आपल्या वाट्याचा खर्च वजा करून घेतला. ठाण्याची गाडी विकली. झोपाळ्याच्या कड्या तशाच ठेवल्या.

तुम्हीही असं घर शोधत असाल तर ते तीनदा पाहा: एकदा भर दुपारी दिवे न लावता, एकदा रात्री नऊनंतर गल्लीतून चालत आणि एकदा जुलैत, पाऊस कोसळत असताना. हिंदमाता आणि गांधी मार्केटला पाणी तुंबतं तेव्हा या घराच्या पायरीपर्यंत ते येतं का, हे तुमचं तुम्ही पाहा. खांबाची चाचणी झाल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि घर घेतलंत, तर सोसायटीची पहिली सर्वसाधारण सभा चुकवू नका. दुरुस्ती निधी वाढवायचा ठराव आला की त्याच्या बाजूने हात वर करा.